घोडे मोजू की किलो?

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

"अरे, तीस हजार डॉलर साठलेत. स्पोर्ट्‌स कार घ्यायची म्हणतोय. कुठली घेऊ सांग!"

मिशिगनहून आमच्या एका सीनियरचा फोन. हा दादा म्हणजे आपल्या कॉलेजच्या बाहा टीमचा माजी कॅप्टन. एमएस झालं, डेट्रॉइटजवळ नोकरी लागली, आणि आता डोक्यात गाडी. इकडे मी सबमिशनच्या फायली पूर्ण करत बसलेलो, खिशात मेसचे पैसे भरायचे वांधे, आणि हा मला स्पोर्ट्‌स कार विचारतोय! पण मित्रांनो, असा प्रश्न आल्यावर फायलीत लक्ष लागेल तो मेकॅनिकलवाला कसला? सबमिशन राहिलं बाजूला, रात्रभर एक्सेल शीट करत बसलो. त्यातून जे निघालं ते फक्त गाडी घेणाऱ्याच्याच नाही, तर आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे असं वाटलं, म्हणून हा लेख.

तर उमेदवार तीन.

तीन गाड्या, तीन स्वभाव

पहिली माझदा एमएक्स-५, अमेरिकेतलं लाडाचं नाव मियाटा. आपल्याला माझदा म्हटलं की 'स्वराज माझदा'चा मिनी ट्रक नाहीतर शाळेची बस आठवते. पण याच कंपनीने १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये एक छोटीशी, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी आणली. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर गाड्या, विशेषतः लोटस इलान, डोळ्यांपुढे ठेवून. फरक एवढाच की ब्रिटिश गाड्या तेल गळण्यासाठी आणि वाटेत बंद पडण्यासाठी प्रसिद्ध, आणि ही जपानी असल्यामुळे रोज सकाळी मुकाट सुरू होणारी! २०१६ साली या गाडीने दहा लाखांचा आकडा गाठला. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये सर्वाधिक खपाचा गिनेस विक्रम तिच्याच नावावर आहे.

दुसरी टोयोटा जीआर८६. हिचीच जुळी बहीण सुबारू बीआरझेड. दोघी जपानात सुबारूच्याच कारखान्यात बनतात. पहिली पिढी २०१२ ची, सध्याची २०२१ ची. इंजिन सुबारूचं 'बॉक्सर' पद्धतीचं, म्हणजे सिलिंडर उभे नाहीत तर आडवे, समोरासमोर झोपलेले. याचा फायदा काय, ते पुढे बघू.

तिसरी फोर्ड मस्टँग. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली तेव्हा किंमत होती २,३६८ डॉलर. सामान्य नोकरदार पोराला परवडेल अशी, दिसायला दणदणीत. आजही तिचा धर्म तोच. एक चार सिलिंडरची, टर्बोवाली इकोबूस्ट. आणि दुसरी पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची जीटी, जिचा आवाज ऐकून आमच्या दादाची झोप उडाली होती.

तिन्हींत एक गोष्ट समान: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. म्हणून तुलनेत मजा आहे.

एक्सेल शीट काय म्हणते?

खाली दिलेली अश्वशक्ती आणि वजन अमेरिकेतल्या २०२४ च्या मॉडेलचं आहे. किमती ठोकळमानाने, सुरुवातीच्या मॉडेलच्या.

एमएक्स-५: १८१ अश्वशक्ती, सुमारे १,०६० किलो, सुमारे २९ हजार डॉलर
जीआर८६: २२८ अश्वशक्ती, सुमारे १,२८० किलो, सुमारे ३० हजार डॉलर
मस्टँग इकोबूस्ट: ३१५ अश्वशक्ती, सुमारे १,६३० किलो, सुमारे ३२ हजार डॉलर
मस्टँग जीटी: ४८० अश्वशक्ती, सुमारे १,७४० किलो, सुमारे ४३ हजार डॉलर

आता एका घोड्याला किती डॉलर पडले, हा भागाकार करा. एमएक्स-५ ला १६०, जीआर८६ ला १३२, इकोबूस्टला १०२ आणि जीटीला फक्त ९०! संपलं की नाही? सगळ्यात महाग गाडीच सगळ्यात स्वस्त! दादाही हेच म्हणाला. "बघ, मी म्हणत होतो ना? वरचे तेरा हजार लोन काढतो."

मी म्हटलं, दादा, थांब. आधी वजनाने भागून बघू. आणि गाडी काही स्वतः चालत नाही, त्यामुळे ७५ किलोचा चालकही धरू. दर टनामागे घोडे किती? एमएक्स-५ चे १५९, जीआर८६ चे १६८, इकोबूस्टचे १८५ आणि जीटीचे २६४. म्हणजे नुसती अश्वशक्ती बघितली तर इकोबूस्ट मियाटापेक्षा ७४ टक्क्यांनी पुढे होती. वजन धरल्यावर ती आघाडी १६ टक्क्यांवर आली. बाकीचे घोडे कुठे गेले? स्वतःच्याच गाडीचं वजन ओढण्यात!

जीटी मात्र अजूनही सगळ्यांच्या पुढे आहे. आणि ते खोटं नाही. सरळ रस्त्यावर शून्य ते साठ मैल ती चार सेकंदांच्या थोडं वर घेते, तर पहिल्या दोघी सहाच्या आसपास. सरळ रेषेत पळायचं असेल तर जीटीच्या पैशात दुसरं काही नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

पण रस्ता सरळ असतो का? आणि गाडी थांबवायची नसते का?

टॉर्कची भानगड

त्याआधी एक गोष्ट, कारण ओरलला हमखास विचारतात आणि आपण हमखास गडबडतो. पॉवर आणि टॉर्क यांत फरक काय?

सूत्र साधं आहे. किलोवॅटमधली पॉवर म्हणजे न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९. टॉर्क म्हणजे किती जोराने पिळतोय; पॉवर म्हणजे किती जोराने आणि किती भराभर पिळतोय.

उदाहरण जीआर८६ चंच घ्या. २०१२ च्या पिढीत दोन लिटरचं इंजिन होतं, २०५ न्यूटन-मीटर, आणि तो कमाल टॉर्क मिळायचा ६,४०० आरपीएमच्या वर. शिवाय मधे चार हजारांच्या आसपास टॉर्कच्या आलेखात चक्क खड्डा! ओव्हरटेक करताना नेमकं तिथेच इंजिन ढेपाळायचं. लोकांनी वर्षानुवर्षं तक्रार केली. २०२१ च्या पिढीत इंजिन २.४ लिटरचं झालं आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क ३,७०० आरपीएमलाच मिळू लागला. सूत्रात घाला: ३,७०० ला सुमारे ९७ किलोवॅट, म्हणजे १३० अश्वशक्ती. जुन्या इंजिनाला त्याच आरपीएमवर आपण उदारपणे पूर्ण २०५ चा टॉर्क दिला तरी १०६ च होतात. म्हणजे जाहिरातीत २०० चे २२८ झाले एवढंच दिसतं, पण खरा फरक मधल्या आरपीएमला पडला, जिथे माणूस रोज गाडी चालवतो.

धडा एक: ब्रोशरवर छापलेली अश्वशक्ती हा आलेखावरचा एकच बिंदू असतो. गाडी मात्र पूर्ण आलेखावर चालते.

थांबताना: चहाचं आधण

आता ब्रेक. अकरावीचं फिजिक्स, अर्धा एमव्ही-वर्ग. ताशी १०० किमी वेगाने जाणारी एमएक्स-५ चालकासह थांबवायची तर सुमारे ४३८ किलोज्यूल ऊर्जा घालवावी लागते. मस्टँग जीटीला ७००. ही ऊर्जा जाते कुठे? मुख्यतः ब्रेकच्या डिस्क तापवण्यात.

आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर असं बघा. एमएक्स-५ च्या एका ब्रेकमध्ये २० अंशांचं सव्वा लिटरहून थोडं जास्त पाणी उकळीला येईल. जीटीच्या एका ब्रेकमध्ये दोन लिटरहून जास्त. एकदाच थांबलं तर काही फरक पडत नाही, डिस्क थंड होते. पण घाटात उतरताना किंवा ट्रॅकवर फेरी मारताना दर वळणाला हे आधण चढतं. म्हणून जड आणि वेगवान गाडीला मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर लागतात. ते बसवायला मोठी चाकं लागतात. त्यामुळे वजन आणखी वाढतं. मग ते पळवायला आणखी घोडे... कळलं ना चक्र? आणि या चक्राचं बिल शेवटी मालकाच्या नावावर फाटतं.

वळताना: टायरला गणित येत नाही

इथे एक गंमत आहे. पुस्तकाप्रमाणे वळणावरची पकड म्हणजे म्यू गुणिले एमजी, आणि लागणारं बल एमव्ही-वर्ग भागिले आर. दोन्हीकडचा एम उडाला! म्हणजे वजनाचा वळणाशी संबंधच नाही? मग मियाटाचं एवढं कौतुक कशाला?

कारण पुस्तकातला म्यू स्थिर असतो आणि टायरचा नसतो. टायरवर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. आणि वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि वळणाचं त्वरण ०.८ जी. मग एकूण वजनाच्या सुमारे २७ टक्के भार बाहेर सरकतो. चालकासह एमएक्स-५ मध्ये हे झाले ३०३ किलो, जीटीमध्ये ४८४! बाहेरच्या टायरवर जेवढं ओझं जास्त, तेवढा तो टायर 'अकार्यक्षम'. जड गाडीला म्हणूनच रुंद टायर लागतात. परफॉर्मन्स पॅक घेतलेल्या जीटीला मागे २७५ मिलिमीटरचे, तर साध्या एमएक्स-५ ला १९५ वर भागतं.

हा सरकणारा भार कमी करायचे दोन उपाय. एक, वजन कमी करा. हा माझदाचा रस्ता. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे. २०१५ ला आलेल्या पिढीत प्रत्येक चाकाचे पाच नट कमी करून चार केले! आधीच्या पिढीपेक्षा गाडी साधारण शंभर किलोंनी हलकी झाली. दोन, गुरुत्वमध्य खाली आणा. हा टोयोटा-सुबारूचा रस्ता. झोपलेल्या सिलिंडरचं इंजिन बुटकं असतं, त्यामुळे ते बॉनेटखाली खूप खाली बसवता येतं. हाच तो बॉक्सरचा फायदा.

पहिल्या ८६ बद्दल तर आणखी एक किस्सा आहे. तिला कंपनीने मुद्दाम कमी पकडीचे टायर दिले. तेच मॉडेल, जे प्रियस या काटकसरी हायब्रिडच्या काही गाड्यांवर असायचं! लोक हसले. पण हेतू असा की गाडीची हद्द कमी वेगालाच कळावी. ताशी ६० किमीलाही मागचं चाक किंचित सरकावं आणि चालकाने ते सावरायला शिकावं. टायर बदलून पकड वाढवणं कधीही सोपं. पण शिकणं कुठल्या दुकानात विकत मिळणार?

माझदावाल्यांचा यासाठी एक जपानी शब्द आहे, 'जिनबा इत्ताई'. घोडा आणि स्वार एकजीव. म्हणजे प्रश्न घोडे किती हा नाहीच. प्रश्न स्वाराला घोडा कळतो का, हा आहे.

आमची बग्गी, आमची फजिती

हे सगळं मी एवढ्या ठामपणे का सांगतोय? कारण किलोचा हिशेब मी पुस्तकात नाही, पिथमपूरला शिकलो.

बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून होते. त्यात सगळ्या टीमना एकसारखंच छोटं इंजिन, साधारण १० अश्वशक्तीचं. म्हणजे घोडे सगळ्यांचे समान! मग जिंकतो कोण? गेल्या वर्षी आमच्या टीमचा रोल केज माझ्याकडे होता. पाइपची जाडी ठरवताना मी प्रत्येक वेळी एक पायरी वरची घेतली. "कशाला रिस्क? असू दे जाड!" ब्रॅकेट जाड, प्लेट जाड, वेल्डिंगचा थरही जाड. ठरवलं होतं १८५ किलो. वर्कशॉपमधल्या काट्यावर आकडा आला २२८. दादाला व्हिडिओ कॉलवर काटा दाखवला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "फॅक्टर ऑफ सेफ्टी आणि घाबरटपणा यांत फरक असतो रे."

हिल क्लाइंबला आमची बग्गी अर्ध्या चढावर थांबली. इंजिन गुरगुरतंय, चाक माती उडवतंय, गाडी जागची हलत नाही. आमच्या पाठोपाठ आलेल्या टीमची बग्गी, तेच इंजिन, टुणटुण उड्या मारत वर गेली. टीममधलं कोणी मला काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. परतीच्या प्रवासात मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. ४३ किलो. सगळे माझे.

म्हणून जेव्हा तोच दादा व्ही-८ च्या आवाजाला भुलला, तेव्हा मी त्याला त्याचंच वाक्य थोडं फिरवून ऐकवलं. "दादा, ताकद आणि हावरटपणा यांत फरक असतो रे." तिकडून आधी शांतता, मग खो खो हसण्याचा आवाज!

घेतल्यानंतरचा खर्च

'व्हॅल्यू' म्हणजे शोरूमची किंमत नव्हे. अमेरिकेच्या सरकारी चाचणीचे आकडे आपल्या हिशेबात बदलले तर एमएक्स-५ लिटरला साधारण १२ किमी देते, इकोबूस्ट ११, मॅन्युअल जीआर८६ साडेनऊच्या आसपास आणि जीटी साडेसातच्या आतबाहेर. टायर जेवढे रुंद तेवढे महाग. डिस्क आणि पॅडचंही तेच. तरुण चालकाला विमा कंपनी व्ही-८ साठी वेगळाच हप्ता लावते. मिशिगनमध्ये हिवाळाभर बर्फ, आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणजे बर्फाच्या टायरचा दुसरा संच आलाच.

आणि वापर? तिथल्या बहुतेक हायवेवर वेगमर्यादा ७० मैलांची, म्हणजे ताशी ११३ किमी. जीटीचे ४८० घोडे तिथे तबेल्यातच उभे. याउलट तिकडे शनिवार-रविवारी मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून 'ऑटोक्रॉस' चालतं. हजारो पोरं हौसेने येतात. तिथे वळणंच वळणं, सरळ रस्ता जवळपास नाहीच. अशा ठिकाणी मियाटा दुप्पट किमतीच्या गाड्यांना घाम फोडते. फक्त मियाटांच्याच शर्यतींचा 'स्पेक मियाटा' नावाचा वर्गही आहे.

आपल्याकडे काय?

इथे मात्र सगळं गणित उलटं होतं. एमएक्स-५ आणि ८६ आपल्याकडे अधिकृतपणे विकायला आल्याच नाहीत. मस्टँग जीटी २०१६ साली आली, किंमत ६५ लाख. त्याच वेळी अमेरिकेत साध्या जीटीची किंमत साधारण ३२ हजार डॉलर, तेव्हाच्या दराने २२ लाखांच्या आत! आपल्याकडची गाडी जास्त सोयींची होती हे खरं, पण फरकाचा मोठा वाटा आयात शुल्क आणि करांचा. भारतातल्या तिच्या ३९६ घोड्यांना भागा: एका घोड्याला सुमारे १६,४०० रुपये.

आणि २०१५ साली आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो? १४५ अश्वशक्ती, दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या किंचित आत. एका घोड्याला ६,९०० रुपये! अमेरिकेत घोडे घाऊक भावाने विकणारी मस्टँग इथे सगळ्यात महाग, आणि घरगुती हॅचबॅकचं शरीर असलेली पुंटो सगळ्यात स्वस्त. आता ती मिळत नाही, हे आपलं नशीब. पण मुद्दा एवढाच: 'पैसा वसूल' हा गाडीचा गुण नसून गाडी, रस्ता, कर आणि चालवणारा या चौघांचा मिळून असतो. एका देशातला निकाल दुसऱ्या देशात चालत नाही.

मग दादाने काय घेतलं?

माझा निकाल मी त्याला कळवला. सरळ रस्त्याचा थरार आणि आवाज हवा असेल आणि खर्चाची तयारी असेल तर जीटी घे, त्यात फसवणूक नाही. चालवायला शिकायचं असेल आणि एकटाच असशील तर एमएक्स-५. रोजची गाडीही तीच आणि रविवारची खेळणीही तीच असं हवं असेल तर जीआर८६. मागची सीट पाडली की टायरचा दुसरा संच आत मावतो. इकोबूस्ट वाईट नाही, पण ती घेणारा आयुष्यभर जीटीकडे बघत उसासे टाकतो.

"मग एमएक्स-५ च!" दादा म्हणाला आणि शनिवारी शोरूमला गेला. रात्री फोन. "अरे, मी सहा फूट दोन इंच आहे हे तुझ्या एक्सेलमध्ये होतं का?" गुडघा स्टिअरिंगला आणि डोकं टपाला लागत होतं! सगळी समीकरणं मांडली, लोड ट्रान्स्फर काढला, चहाचं आधण मोजलं, आणि माणसाची उंची विसरलो. शेवटी त्याने लाल जीआर८६ घेतली, मॅन्युअल गिअरची. पहिल्या ऑटोक्रॉसला चार शंकू पाडले आणि शेवटून तिसरा आला. इतका खूश मी त्याला कधी ऐकला नव्हता.

यंदाच्या बग्गीचा केज पुन्हा माझ्याकडे आहे. या वेळी पाइप निवडायच्या आधी मी दोन गोष्टी केल्या. वर्कशॉपचा काटा टीमच्या टेबलाशेजारी आणून ठेवला. आणि चालवणाऱ्या पोराला खुर्चीत बसवून आधी त्याचं माप घेतलं.